विश्लेषण : ओव्हनचे ‘सेल्फ-क्लीन’ बटण कितपत भरवशाचे?

दिवाळी संपते न संपते तोच अमेरिकेतल्या मराठी घरांत ‘थँक्सगिव्हिंग’चे वेध लागतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी पाहुणे येणार आणि ओव्हन दिवसभर चालणार, म्हणून आदल्या रात्री त्याची साफसफाई निघते. घासत बसायला वेळ नसतो. ओव्हनवर ‘सेल्फ-क्लीन’ असे बटण मात्र असते. ते दाबले की दाराला आतून कुलूप लागते, तीन-चार तास ओव्हन धगधगतो आणि सकाळी तळाशी चिमूटभर राख उरते. निदान अपेक्षा तशी असते. काही घरांत सकाळी दार उघडतच नाही. काही घरांत ते उघडते, पण ओव्हन तापायचे नाव घेत नाही. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक मिळत नाही आणि पाहुणे तर दारात असतात.

हेच बटण आता मुंबई-पुण्यातल्या मॉड्युलर किचनमध्येही पोहोचले आहे. भिंतीत बसवलेल्या महागड्या ओव्हनच्या माहितीपत्रकात ‘पायरोलिटिक क्लीनिंग’ हा शब्द ठळक छापलेला असतो आणि विक्रेताही त्याच शब्दावर जोर देतो. समाजमाध्यमांवर मात्र नेमके उलटे सांगितले जाते : या बटणाला हात लावू नका, ओव्हन कायमचा जाईल. या दोन्ही बाजूंमध्ये थोडे तथ्य आहे आणि बरीच अतिशयोक्ती.

हे बटण नेमके करते काय?

लोखंडी कढईच्या बाहेरच्या बाजूला वर्षानुवर्षे जो काळा, कडक, काही केल्या न निघणारा थर बसतो, तोच ओव्हनच्या भिंतींवरही बसतो. तेल-तुपाचे शिंतोडे पुन्हा पुन्हा तापले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचे जणू प्लास्टिक होते. साबणाला ते दाद देत नाही, कारण साबण तेल सोडवतो आणि हे आता तेल राहिलेले नसते.

हा थर घासून काढण्याऐवजी जाळून टाकायचा, ही सेल्फ-क्लीनमागची कल्पना. केक साधारण १८० अंश सेल्सिअसला भाजला जातो आणि घरगुती ओव्हनचे कमाल तापमान अडीचशे ते पावणेतीनशे अंशांच्या आसपास असते. सफाईच्या फेरीत ते साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत चढवले जाते. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि जस्त ४१९ अंशांना, यावरून ही धग किती असते याची कल्पना यावी. एवढ्या उष्णतेत चिवट किटणाचे विघटन होते, त्यातून निघणारे वायू हवेतल्या प्राणवायूशी मिळून जळतात आणि मागे पांढुरकी राख राहते. ती ओल्या फडक्याने पुसायची. म्हणजे शेवटचे फडके मारायला माणूस लागतोच.

ओव्हनची आतली भिंत हे सगळे सोसते, कारण पोलादावरचा तिचा लेप मुळात काचेचा असतो. जुन्या पिढीला इनॅमलची पांढरी ताटे आणि निळ्या कडेचे मग आठवत असतील. ओव्हनमध्ये असते तेच तंत्र. काचेची पूड पोलादावर पसरून आठशे अंशांच्या आसपास भाजलेली असते, त्यामुळे पाचशे अंशांनी तिला फरक पडत नाही. पण त्या ताटांचा जसा टवका उडायचा तसा ओव्हनच्या लेपाचाही उडू शकतो. तापलेल्या लेपावर गार पाणी पडले किंवा साखरेचा जाड थर जळून चिकटला की त्याचे नुकसान होते.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत १९५०च्या दशकात ओव्हन हा प्रत्येक स्वयंपाकघराचा भाग झाला होता आणि तो साफ करणे हे सर्वात नावडते काम होते. त्यासाठी कॉस्टिक सोड्याची रसायने वापरली जात. त्यांनी कातडी भाजायची, डोळे चुरचुरायचे. त्यावर उपाय म्हणून जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ साली पहिला सेल्फ-क्लीनिंग ओव्हन बाजारात आणला. तोवर घरगुती उपकरणात इतके तापमान कोणी आणले नव्हते. ते आणायचे म्हणजे भिंतीत उष्णतारोधक थर जाड हवा, दाराला फायबर ग्लासची विणलेली पट्टी हवी आणि तापमान उतरेपर्यंत दार उघडूच नये असे कुलूप हवे. धूर जिरवण्यासाठी बाहेर जाण्याच्या वाटेवर उत्प्रेरकाची जाळीही बसवली गेली.

या जाड थरांचा एक फायदा रोजच्या वापरात होतो. उष्णता कमी गळत असल्यामुळे असा ओव्हन एरवीच्या भाजणीत साध्या ओव्हनपेक्षा थोडी कमी वीज घेतो. मात्र महिन्यातून एकदापेक्षा जास्त वेळा सफाईची फेरी चालवली की ती बचत संपते.

मग ओव्हन बिघडतात, हे खरे?

खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. आधी खरी बाजू.

भट्टीचा भाग पाचशे अंश सोसतो, पण ओव्हन म्हणजे काही केवळ भट्टी नाही. भट्टीच्या वरच्या अंगाला, काही बोटांच्या अंतरावर, इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. आपले मेकॅनिक त्याला ‘पीसीबी’ म्हणतात. १९६३च्या ओव्हनमध्ये यांत्रिक घड्याळ आणि जाडजूड खटके होते. आजच्या ओव्हनमध्ये स्पर्शाने चालणारा पडदा, वाय-फाय आणि नाजूक सुटे भाग असतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ नियम सांगितला जातो की तापमान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. या भागांना गार ठेवण्यासाठी पंखा असतो. तो पंखा अशक्त झाला असेल, किंवा सुताराने ओव्हन कपाटात बसवताना मागे-वर हवेला पुरेशी जागाच ठेवली नसेल, तर तीन तासांची ती धग सर्किटपर्यंत पोहोचते.

दुसरा नाजूक भाग म्हणजे थर्मल फ्यूज. आसपासचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो वीजपुरवठा तोडतो. आग लागू नये म्हणूनच तो बसवलेला असतो, म्हणजे तो उडाला तर त्याने आपले काम चोख केले. घरातल्यांच्या दृष्टीने मात्र ओव्हन मेला. फ्यूज स्वस्त असतो. खर्च होतो तो मेकॅनिकच्या फेरीचा आणि भिंतीतून ओव्हन बाहेर काढण्याचा.

तिसरा भाग दाराच्या कुलपाचा. एरवी महिनोन्‌महिने न हललेली ती छोटी मोटर आणि खटका नेमक्या सर्वात तापलेल्या अवस्थेत चालायला हवा असतो. तो अडकला तर दार बंद राहते. भारतात यात एक भर पडते, ती वीज जाण्याची. फेरी चालू असताना वीज गेली तर दार कुलूपबंदच राहते. ओव्हन गार होऊन वीज परत येईपर्यंत ते उघडत नाही. इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नसल्यामुळे तो मार्गही नाही. अशा वेळी दार ओढून, स्क्रू-ड्रायव्हर घालून उघडण्याचा मोह होतो आणि खरा बिघाड तिथे होतो.

आता दुसरी बाजू. ‘सेल्फ-क्लीन कधीच वापरू नका’ असे सांगणारे बहुतेक जण दुरुस्ती करणारे आहेत. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यांच्यापर्यंत पोहोचतात ते फक्त बिघडलेलेच ओव्हन. दवाखान्यात बसून पाहिले तर सगळे गाव आजारी वाटते. ज्या घरांत फेरी सुरळीत पार पडली, तिथून मेकॅनिकला कोणी ‘सगळे ठीक आहे’ असा फोन करत नाही. शिवाय या फेरीत उडालेला फ्यूज किंवा अडकलेला खटका अनेकदा आधीच थकलेला असतो. ही फेरी म्हणजे ओव्हनची कठोर परीक्षा आहे. परीक्षा घेणे चुकीचे नाही, पण ती सणाच्या आदल्या रात्री घेणे शहाणपणाचे नाही. सण होऊन गेल्यावर, दोन आठवडे ओव्हनवाचून अडणार नाही अशा वेळी ती घ्यावी. तेव्हा काही बिघडले तर खर्च येईल, फजिती होणार नाही.

नवा ओव्हन हमीच्या मुदतीत असेल तर ही फेरी त्या मुदतीतच एकदा चालवून पाहण्यात अर्थ आहे. बटण दिलेले आहे आणि त्याचे पैसेही मोजलेले आहेत. त्याने ओव्हन बंद पडला तर दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची. चार-पाच वर्षे बटणाला हातच न लावता, काळा थर चढल्यावर पहिल्यांदा फेरी चालवणे, हा सर्वात वाईट मार्ग आणि बहुतेक घरांत तोच पत्करला जातो.

धुराचे काय?

ओव्हन बिघडला तर पैसे जातात. धुराकडे दुर्लक्ष केले तर त्याहून मोठे काही जाऊ शकते, म्हणून या विषयाला खरे तर पहिला मान द्यायला हवा. समाजमाध्यमांवरच्या चर्चेत मात्र तो शेवटी येतो.

किटण जळताना धूर होतो. तेल अति तापले की डोळ्यांना झोंबणारा जो वायू निघतो, फोडणी करपल्यावर ज्याने ठसका लागतो, तो ॲक्रोलिन यातही असतो. त्याशिवाय अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. थर पातळ असेल आणि खिडक्या उघड्या असतील तर प्रमाण किरकोळ राहते. थर जाड असेल आणि घर बंद असेल तर डोके दुखणे, मळमळणे, दमेकऱ्याला धाप लागणे, हे सगळे होऊ शकते. डिसेंबरात न्यू जर्सीत किंवा शिकागोत खिडक्या घट्ट लावून ही फेरी चालवणे म्हणूनच धोक्याचे. काम थंडीआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरातच उरकावे. तिथल्या घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बहुतेक ठिकाणी असतो. तो वाजू लागला की त्याची बॅटरी काढून ठेवण्याचा प्रकार काही जण करतात, तो अक्षम्य आहे.

भारतातल्या फ्लॅटमध्ये वेगळी अडचण आहे. अनेक स्वयंपाकघरांतली चिमणी ‘डक्टलेस’ असते. ती हवा ओढते, कोळशाच्या गाळणीतून नेते आणि पुन्हा त्याच खोलीत सोडते. त्यात वास कमी होतो, पण कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. चिमणी चालू आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा, दोन्ही लागतात.

आता पक्ष्यांविषयी. पक्ष्यांची श्वसनसंस्था माणसापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे ताजी हवा त्यांच्या फुप्फुसांतून जवळजवळ अखंड एका दिशेने वाहत राहते. त्यामुळे हवेतले विषही त्यांच्या अंगात झपाट्याने भिनते. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी नेत असत आणि ती पद्धत १९८६पर्यंत टिकून होती. ओव्हनच्या बहुतेक माहितीपुस्तिकांत ‘सफाईच्या वेळी पाळीव पक्षी दुसऱ्या, हवेशीर खोलीत हलवा’ अशी सूचना असते ती याच कारणाने. गॅलरीतल्या पिंजऱ्यात लव्हबर्ड्स किंवा बजी ठेवणाऱ्या घरांनी ती मनावर घ्यायला हवी. दोन खोल्यांच्या घरात ‘दुसरी हवेशीर खोली’ नसतेच. तिथे त्या दिवसापुरता पिंजरा शेजाऱ्यांकडे नेणे बरे. (पोपट पाळणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच गुन्हा आहे.)

नॉनस्टिक तवा ओव्हनमध्ये राहिला तर?

परदेशातल्या भारतीय घरांची एक सवय सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावर विनोदही भरपूर होतात. ओव्हन हे भांडी ठेवायचे कपाट असते. कढया, तवे, इडलीपात्र, कुकरची भांडी, सगळे ओव्हनमध्ये. केक वर्षातून दोनदा होतो, तेव्हा ते बाहेर काढायचे आणि मग पुन्हा आत.

विनोद इथे थांबतो. नॉनस्टिकचा लेप म्हणजे पीटीएफई. रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनतज्ज्ञाला १९३८ साली योगायोगाने सापडलेला हा पदार्थ पुढे टेफ्लॉन या नावाने घरोघरी गेला. रोजच्या स्वयंपाकाच्या तापमानाला तो स्थिर असतो. साधारण २६० अंशांच्या पुढे तो बिघडू लागतो आणि साडेतीनशेच्या पुढे त्याचे विघटन वेगाने होते. सफाईची फेरी तर त्याच्याही खूप वर जाते. आत एखादा नॉनस्टिक तवा विसरला गेला तर त्यातून निघणारी वाफ माणसाला काही तासांनी ताप, थंडी वाजणे, छातीत आवळल्यासारखे वाटणे, असा फ्लूसारखा त्रास देते. वैद्यकात त्याला ‘पॉलिमर फ्यूम फीव्हर’ म्हणतात. माणूस सहसा एक-दोन दिवसांत बरा होतो. पक्षी मात्र काही मिनिटांत दगावू शकतात.

नॉनस्टिक नसले तरी प्लास्टिकची मूठ, कुकरची रबरी रिंग, सिलिकॉनचा साचा यांतले काहीही आत राहणे म्हणजे आगीला निमंत्रण. ओव्हनखालचा खण हीही भांडी ठेवायचीच जागा. फेरीच्या वेळी तोही चांगलाच तापतो, म्हणून तोही रिकामा हवा.

सर्वात धोक्याची वेळ येते ती भाड्याचे घर सोडताना. अमेरिकेत घरमालक अनामत रक्कम परत देताना ओव्हन उघडून पाहतात. मळका असेल तर सफाईचे पैसे कापतात. मग सामानाच्या खोक्यांमध्ये, शेवटच्या रात्री, थकलेल्या अवस्थेत ते बटण दाबले जाते. जाड थर, बंद खिडक्या, घरात लहान मूल आणि भट्टीत काय राहिले आहे याकडे कोणाचे लक्ष नाही. अनामतीतले थोडे पैसे वाचवण्यासाठी घेतलेला हा धोका त्या पैशांच्या लायकीचा नसतो.

भारतात घेताना यासाठी जादा पैसे मोजावेत का?

बहुतेक मराठी घरांत त्याची गरज नाही. नानकटाई, केक, पाव, कधीतरी पिझ्झा, एवढाच वापर असेल तर भिंतींवर शिंतोडे फारसे उडतच नाहीत. ओव्हन गार व्हायच्या आत कोमट असताना पुसून घेतला तरी काम होते. दर आठवड्याला कोंबडी, मासे, तंदुरी किंवा कबाब भाजणाऱ्या घराची गोष्ट वेगळी. तिथे चरबी उडते, थर बसतो आणि पायरोलिटिक ओव्हनचे पैसे वसूल होतात.

बाजारात आणखी दोन प्रकार मिळतात आणि विक्रेते कधी कधी तिन्हींना सरसकट ‘सेल्फ-क्लीन’ म्हणून मोकळे होतात. ‘स्टीम क्लीन’मध्ये तळाशी थोडे पाणी घालून ओव्हन वीस-तीस मिनिटे तापवतात. वाफेने ताजा मळ मऊ होतो, पण पुसावे लागतेच आणि जुने किटण तसूभरही हलत नाही. ‘कॅटॅलिटिक’मध्ये बाजूच्या आणि मागच्या भिंतीवर खरखरीत, सच्छिद्र पत्रे असतात. एरवीच्या भाजणीतच, दोनशे अंशांच्या पुढे, त्यांच्यावर उडालेली चरबी हळूहळू जळून जाते. साखर आणि दुधाचे डाग त्यांना जमत नाहीत, तळ आणि दार हातानेच पुसावे लागते आणि काही वर्षांनी ते पत्रे बदलावे लागतात. त्यांना कधीही घासायचे नसते. ही शेवटची गोष्ट दुकानात कोणीच सांगत नाही.

ओट्यावरच्या ओटीजीत आणि मायक्रोवेव्हमध्ये हा प्रश्न येत नाही. ओटीजी रिकामा ठेवून कमाल तापमानावर तासभर चालवला की तो ‘आपोआप साफ’ होतो, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा उपाय निरर्थक आहे. तो अडीचशे अंशांच्या आसपास थांबतो आणि किटण आणखी पक्के भाजून निघते. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून चार-पाच मिनिटे वाफ काढावी आणि पुसावे, एवढे पुरते.

विजेचे म्हणाल तर भीती वाटावी असे काही नाही. तीन किलोवॉटची कॉइल तीन तास सलग चालली तर नऊ युनिट होतील. ती थांबून थांबून चालते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी वीज लागते. वर्षातून तीन-चारदा एवढा खर्च घराच्या बिलात जाणवतही नाही. मात्र ओव्हनला स्वतंत्र १६ ॲम्पिअरचा पॉइंट हवा आणि त्याच वायरिंगवर गीझर किंवा एसी नको, नाहीतर मध्येच एमसीबी पडतो आणि पुन्हा तोच बंद दाराचा घोळ.

इशारा कोणासाठी लिहिलेला असतो?

या उपकरणाच्या बाबतीत कंपन्यांचे सर्वात मोठे अपयश तांत्रिक नाही. ते भाषेचे आहे. जाहिरातीत ‘आपोआप’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. पुस्तिकेच्या आतल्या पानांवर बारीक इंग्रजीत लिहिलेले असते की आधी जाळ्या काढा, सांडलेले तेल पुसा, दाराची कड हाताने साफ करा, आतला दिवा बंद ठेवा, लहान मुलांना दूर ठेवा, पक्षी हलवा, खिडक्या उघडा. इतके सगळे माणसाने करायचे असेल तर त्याला ‘आपोआप’ म्हणणे दिशाभूल आहे.

शिवाय मुंबई-पुण्यात ओव्हन पुसतो कोण? बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना ती पुस्तिका कोणी दाखवत नाही आणि दाखवली तरी ती त्यांच्या भाषेत नसते. दाराभोवतीची फायबर ग्लासची पट्टी काळी दिसते म्हणून त्या तारेच्या घासणीने ती घासतात. पट्टी झिजते आणि पुढच्या फेरीत उष्णता बाहेर गळते. किंवा दुकानातून आणलेला ओव्हन क्लीनरचा फवारा आत मारला जातो. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. त्याचा अंश लेपावर राहून पाचशे अंशांना तापला की काचेचा लेपच कुरतडला जातो आणि घसा जाळणारा धूर निघतो तो वेगळा. मावशींची यात काहीच चूक नसते. ज्या यंत्राशी त्या काम करतात त्याविषयी त्यांना सांगायचे राहून गेलेले असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादनाच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीचा इशारा दिला नसेल, तर त्यातून झालेल्या हानीसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येते. सूचना दिली होती, पण इंग्रजीत चौतिसाव्या पानावर, एवढ्याने ती ‘पुरेशी’ ठरते का, हा प्रश्न ग्राहक संघटनांनी विचारायला हवा. दाराच्या आतल्या कडेला मराठी-हिंदीत पाच ओळींचा एक स्टिकर लावायला कंपनीला काही रुपयेच लागतील.

वापरायचेच असेल तर कसे वापरावे?

सकाळी, घरात जागे मोठे माणूस असताना फेरी सुरू करावी. रात्री लावून झोपणे किंवा लावून बाहेर जाणे टाळावे. आतले सगळे बाहेर काढावे, जाळ्यासुद्धा. त्या आत राहिल्या तर निळसर काळ्या पडतात आणि खाचांत नीट सरकत नाहीत. तळाशी साठलेले तेल, चीज, साखरेचा पाक हाताने खरवडून काढावा, कारण पेट घेतो तो हाच. तळाला ॲल्युमिनियमची फॉइल अंथरलेली असेल तर ती न विसरता काढावी. ती लेपाला कायमची चिकटते. दार आणि चौकट यांच्यातली, पट्टीच्या बाहेरची कड आधीच साबणाच्या फडक्याने पुसावी. तिथपर्यंत सफाईची धग पोहोचत नाही, पण तिथला मळ पक्का भाजण्याइतकी उष्णता पोहोचते.

उपलब्ध असेल तर सर्वात लहान मुदतीची फेरी निवडावी. वरच्या शेगड्यांवर त्या वेळी काही शिजवू नये. दाराच्या काचेला हात लावू नये आणि रांगत्या मुलाला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. आत ज्वाळा दिसल्या तर दार उघडायचा प्रयत्न करू नये. ओव्हन बंद करावा, भिंतीवरचा मुख्य खटका पाडावा, दार बंदच ठेवावे. प्राणवायू संपला की आग बहुधा आतच विझते. धूर वाढत राहिला तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. भारतात त्यासाठी १०१ किंवा ११२. फेरी संपल्यावरही ओव्हन गार व्हायला तास-दीड तास लागतो. त्या वेळात दार ओढून पाहायचे नाही.

ज्या घरात दमेकरी आहे, तान्हे मूल आहे, पक्षी आहेत किंवा स्वयंपाकघराला खिडकीच नाही, तिथे हे बटण विसरलेलेच बरे. ओव्हन दहा-पंधरा वर्षांचा असेल, आधीच कधी फ्यूज उडालेला असेल, तरीही.

अशा घरांसाठी जुना उपाय आहे. ओव्हन पूर्ण गार असताना खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लापशीसारखी दाट पेस्ट करावी आणि ती आत सगळीकडे, कॉइल आणि दाराची पट्टी सोडून, लावावी. ती रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडून ओल्या फडक्याने पुसावे. राहिलेल्या पांढऱ्या डागांवर व्हिनेगर शिंपडले की ते फसफसून सुटतात. कॅटॅलिटिक पत्र्यांना मात्र हे लावायचे नाही. जाळ्या बादलीत गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून दोन तास भिजवाव्यात. पहिल्या खेपेला सगळे निघणार नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा केले की उरलेलेही बरेचसे निघते.